राजीनाम्याचा जुना अर्थ

आज राजीनामा म्हटले की खुर्ची सोडणारा मंत्री किंवा नोकरीला विटलेला कारकून डोळ्यांपुढे येतो. पेशवाईच्या कागदपत्रांत हा शब्द वेगळ्याच कामाला येई. वतनाचा, हद्दीचा किंवा देण्याघेण्याचा तंटा पंचांपुढे गेला की वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत. हे पंच आम्हाला कबूल आहेत, ते सांगतील तसे आम्ही वागू, असा त्यातला मजकूर. सोबत जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तकरिरी (लेखी कैफियती), साक्षी आणि शेवटी निवाडा. म्हणजे हा काही सोडून जाण्याचा कागद नव्हता. भांडण कुणापुढे मांडायचे हे दोघांनी मिळून ठरवल्याचा तो पुरावा होता. इंग्रजी अमलात दावा आपसांत मिटवल्याच्या लेखालाही राजीनामा म्हणू लागले. पुढे शब्द नोकरीत शिरला आणि त्यातले ‘राजी’ कुणाच्या लक्षात राहिले नाही. कोर्टाबाहेर तंटे मिटवण्याच्या पद्धतींवरील या पुस्तकाची प्रस्तावना या शब्दापासून सुरू करतो आहे, कारण लवाद, मध्यस्थी, सलोखा, लोकअदालत ही सगळी घरे राजी असण्याच्या याच एका खांबावर उभी आहेत. तो खांब कुठे सागवानी आहे आणि कुठे नुसता रंग दिलेला आहे, हे ठोकून पाहिल्याशिवाय कुणी त्या घरात राहायला जाऊ नये.

जुन्या पंचायतीचे गोडवे गाण्याचा मोह इथे होतो, तो आवरलेला बरा. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये अहवाल लिहिला. त्यात त्याने पंचायतीची बाजू घेतली, पण तिची दुखणी लपवली नाहीत. पंच वेळेवर जमत नसत, कामे रेंगाळत, लाचलुचपत चाले, आणि प्रतिवादी वजनदार असला तर त्याला पंचांपुढे आणायला सरकारचाच हात लागे. जिंकणारा हरकी नावाची रक्कम भरे, हरणारा गुन्हेगारी नावाचा दंड भरे, तेव्हा न्याय फुकट होता असेही नाही. तरी लोकांच्या अंगवळणी पडलेली ही रीत मोडू नये, असे एल्फिन्स्टनचे मत होते. ती मोडलीच. कंपनीची कोर्टे उघडल्यावर लोक तिकडे वळले आणि पंचायती ओस पडत गेल्या. हे सारे इंग्रजांनी मुद्दाम घडवले असे म्हणायची आपल्याला सवय आहे. मला त्यात दोन वेगळी कारणे दिसतात. पंचायतीमागचा सरकारचा हात निघाल्यावर तिचे न ऐकणाऱ्याला कुणाचा धाक उरला नाही. आणि गावच्या पंचांकडून आपल्याला काही मिळणार नाही अशी ज्याची खात्री होती, त्याला पहिल्यांदाच दुसरे दार दिसले.

त्या दुसऱ्या दारापलीकडे काय होते, ते पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कुणब्यांनी पुढच्या पन्नास वर्षांत पाहिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकाने फोडली गेली, आणि ते लोण गावोगाव गेले. त्या दंग्यांत माणसे फारशी मारली गेली नाहीत. लोकांचा राग होता कागदांवर. कर्जखते हुडकून काढून जाळली गेली, कारण कोर्टात बोलत होता तो कागदच. समन्स आलेला कुणबी कोर्टात जातच नसे. गेला तरी काय बोलायचे ते त्याला माहीत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई. मुनसफ खत बघे, खताखालचा अंगठा बघे. मूळ मुद्दल किती, व्याज किती वेळा मुद्दलात मिसळले, हे विचारण्याचे कारण त्याला नव्हते. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो वाचण्यासारखा आहे. त्याने कोर्टाला सांगितले की खतावर थांबू नका, व्यवहार मुळापासून तपासा. शिवाय सलोखा करणारे नेमले. शेतकऱ्यावर दावा लावायचा तर आधी त्यांच्यापुढे जायचे, तिथे जुळले नाही असा दाखला आणायचा, मगच दावा दाखल. पुण्यात तर त्याआधीच, त्याच दशकात, सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांनी लवाद कोर्टाच्या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. म्हणजे मध्यस्थी ही काल परदेशातून आलेली फॅशन आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा इतिहास पाहावा. पण तो पुरता पाहावा. सलोखा करणाऱ्यापुढे झालेला करार कोर्टात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचे बळ मिळे. आता हिशेब उकरला जाण्याची धास्ती असलेल्या सावकाराने काय करावे? कुळाला कोर्टात खेचण्याऐवजी सलोख्याला न्यावे, राजीखुशीचा कागद करून घ्यावा आणि तपासणी न होताच हुकूमनामा पदरात पाडावा. अशी तक्रार त्या काळातच झाली. जी तपासणी कायद्याने कोर्टात दिली होती, तिला वळसा घालण्याची वाट त्याच कायद्यातल्या सलोख्याने दिली. अंगठा पुन्हा कुळाचाच होता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणत आलो. पायरी चढायची नाही तर करायचे काय, याबद्दल ती म्हण गप्प आहे. पुष्कळांच्या बाबतीत तिचा अर्थ ‘सोसा’ एवढाच होतो. आज देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. हा आकडा सांगून पर्यायांची भलामण करणारे लगेच पुढचे वाक्य म्हणतात, की पर्याय वापरले तर कोर्टांवरचा बोजा हलका होईल. माझी हरकत इथेच आहे. बोजा ही कोर्टाची अडचण आहे, पक्षकाराची नव्हे. कोर्टाचे ओझे उतरावे म्हणून कुणी आपल्या हक्काचे चार आणे सोडत नसतो, आणि सोडावेत असे त्याला सांगणे हा न्याय नाही. तेव्हा या पद्धतींची परीक्षा किती प्रकरणे निकाली निघाली यावर घेऊ नये. मिटवण्यासाठी बसलेल्या दोघांपैकी दुबळ्याला ‘मला हे मान्य नाही’ म्हणून उठून जाता येत होते का, यावर ती घ्यावी. उठून जायचे तर जायला जागा लागते. ती जागा म्हणजे चालते कोर्ट. पर्यायांचे बळ कोर्टाच्या बळातून येते, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. कोर्ट जितके पंगू, तितका समेट स्वस्तात.

नावांचा घोळ आधी निस्तरतो, कारण वर्तमानपत्रेसुद्धा लवाद आणि मध्यस्थ हे शब्द अदलून बदलून वापरतात. लवाद निर्णय देतो. १९९६ च्या कायद्याखाली दिलेला त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, आणि तो रद्द करून घेण्याची कारणे मोजकी आहेत. मध्यस्थ निर्णय देत नाही. त्याने तो देऊ लागणे हीच त्याची चूक. लोकअदालतीची सुरुवात गुजरातमध्ये जुनागड जिल्ह्यातल्या ऊना इथे १४ मार्च १९८२ रोजी झाली, असे धरतात. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला पक्के रूप दिले, आणि तो कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. तिथला तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा कोर्टात चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. १ जुलै २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८९ वे कलम लागू झाले आणि चालू दावा यांपैकी एखाद्या वाटेने वळवण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. बाकीचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईलच.

कोर्टाला काय देता येत नाही, ते पाहायचे तर वाटपाचा दावा घ्यावा. दावा लागतो तेव्हा भाऊ भावाविरुद्ध असतो. निकाल लागतो तेव्हा भाऊ गेलेले असतात आणि त्यांची मुले प्रतिवादी ‘१अ’, ‘१ब’, ‘१क’ म्हणून रेकॉर्डवर आलेली असतात. मधल्या काळात वारस लावण्याचे अर्ज, मनाई हुकूम, त्यावरचे अपील. अखेर प्राथमिक हुकूमनामा होतो, तो सांगतो की प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. जमीन शेतीची असेल तर प्रत्यक्ष सरस-निरस वाटप करायला कागद पुन्हा महसूल खात्याकडे, म्हणजे पुन्हा नोटिसा, मोजणी आणि हरकती. खरे भांडण तर एक तृतीयांशाचे नव्हतेच. तेवढे पहिल्या दिवशीही सगळ्यांना कबूल होते. भांडण होते विहिरीकडचा तुकडा कुणाला, पाण्याची पाळी कुणाची कोणत्या वारी, मागच्या शेतात बैलगाडी न्यायची कुठून, आणि आईला सांभाळले कुणी. यातले शेवटचे तर दाव्याच्या अर्जात मांडताही येत नाही. ते अर्जाबाहेर राहते आणि तिथून सगळा दावा चालवते. मध्यस्थाच्या खोलीत उंच व्यासपीठ नसते, एक टेबल असते. दोघांना आधी एकत्र ऐकतात, मग वेगवेगळे बसवून ऐकतात; एकाने खासगीत सांगितलेले त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगत नाहीत. जुळले नाही तर मध्यस्थ कोर्टाला एवढेच कळवतो की जुळले नाही. का, कुणामुळे, कोण किती खाली आला होता, यातले काही कळवायचे नाही. या मौनामुळेच माणूस तिथे मोकळा बोलतो, आणि विहिरीची गोष्ट सुरू झाली की आईचीही निघते. तोंडी निघालेल्या या गोष्टींतून पाळीचे वेळापत्रक ठरते. कुठलाही न्यायाधीश, कितीही शहाणा असला, तरी हुकूमनाम्यात ‘मंगळवार रात्र धाकट्याची’ असे लिहू शकत नाही.

मात्र दोघे राजी झाले म्हणजे काम झाले, असेही नाही. महाराष्ट्रात किती शेते अशी आहेत की सातबारा एकाच्या नावाचा आणि नांगर दुसऱ्याचा, आणि शेजारच्या गटात नेमके याच्या उलट. जमीन एकत्रीकरणाच्या वेळचे घोळ, चुकीच्या मोजण्या, जुन्या तोंडी अदलाबदली, अशी कारणे असतात. दोघांनाही ते माहीत असते आणि पुष्कळदा दोघांना ते मिटवायचेही असते. अडते कुठे, तर अदलाबदलीचा दस्त करायचा म्हटला की बाजारभावाने मुद्रांक शुल्क. भांडण परवडते, समेट परवडत नाही! ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने आणलेल्या सलोखा योजनेने ही गाठ सोडवली. निदान बारा वर्षे एकमेकांची जमीन कसणाऱ्या दोघांनी तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याच्या पंचनाम्यावर अदलाबदलीचा दस्त केला, तर मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये. एवढ्या छोट्या दुरुस्तीत मला शंभर परिसंवादांपेक्षा अधिक समज दिसते. लोकांना सामंजस्याचे धडे देण्याऐवजी सरकारने सामंजस्याच्या वाटेतला आपलाच दगड उचलला.

याच सरकारी उत्साहाची दुसरी बाजूही आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ग्रामसभांनी समित्या निवडल्या, आणि तंटे मिटवणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार रोख बक्षीस ठेवले गेले. पुष्कळ गावांत समित्यांनी चांगली कामे केली. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांची लग्ने समितीच्या साक्षीने लागली, हे विसरून चालणार नाही. पण मिटलेल्या तंट्यांवर गुण आणि गुणांवर बक्षीस, असे गणित बसले की तंटा मिटवणे आणि तंट्याची नोंद होऊ न देणे यांतले अंतर कमी होते. नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन निघालेल्या बाईला ‘गावाचे बक्षीस जाईल’ असे सांगणे सोपे होऊन बसते. राष्ट्रीय लोकअदालतीचेही काहीसे तसेच. एका दिवसात देशभर अफाट संख्येने प्रकरणे निकाली निघाल्याची बातमी येते, तेव्हा तीत वाहतुकीची चलने, थकीत वीजबिले, बँकांच्या दाखलपूर्व वसुल्या किती आणि दोन माणसांचे खरे भांडण मिटले ते किती, हे पाहावे लागते. चलन भरणे हा समेट नव्हे. संख्येच्या या ओढीचे टोक सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जलौर सिंग प्रकरणात पाहिले. वाहन अपघाताच्या भरपाईत लोकअदालतीने, दोन्ही पक्षांत तडजोड झालेली नसताना, आपल्या मनाने रक्कम वाढवून दिली होती. न्यायालयाने बजावले की लोकअदालतीला निवाडा करण्याचा अधिकार नाही. पक्षांनी केलेली तडजोड नोंदवणे एवढेच तिचे काम.

आता सगळ्यात जड आक्षेपाकडे येतो. समेट बरोबरीच्यांत होतो. ज्या समाजात बरोबरी नाही, तिथे समेट म्हणजे बलवानाची मर्जी, असे म्हणणारे लोक आहेत आणि ते हलके लोक नाहीत. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावपंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्याला विरोध केला. जातीजातींत चिरलेल्या गावाने निवडलेल्या पंचांपुढे अस्पृश्याला न्याय मिळेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. जातपंचायतींनी तो अविश्वास पुढे कितीदा खरा करून दाखवला, ते आपण वाचत आलो आहोत. आंतरजातीय लग्न केले म्हणून दंड, कोर्टात गेलात म्हणून दंड, दंड भरला नाही तर कुटुंब वाळीत. शेवटी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. या आक्षेपाला उत्तर म्हणून ‘ती जातपंचायत, ही मध्यस्थी’ एवढे म्हणून सुटका होत नाही. फरक नावात नसून दारात आहे. जातपंचायतीचा सर्वांत मोठा गुन्हा कोणता, तर कोर्टात जाणे. जी बैठक तुम्हाला बाहेर जाऊ देत नाही, ती पर्याय नव्हे, कोंडवाडा आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने ही भीती ओळखलेली दिसते. वस्तीतले, शेजारपाजारचे तंटे मिटवण्यासाठी त्यात सामुदायिक मध्यस्थीची सोय आहे, पण तिथे झालेल्या समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. काहींना हे अर्धवट वाटते. १८७९ चा अनुभव आठवला की त्यातली सावधगिरी पटते.

पण गाव आणि जात सोडा, घर घ्या. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणत्याही कामाच्या दिवशी हक्कसोडपत्राचे दस्त नोंदवायला आलेली कुटुंबे बाकांवर बसलेली दिसतात. बहिणीच्या अंगावर ठेवणीतली साडी, हातात आधार कार्ड, शेजारी भाऊ. दस्तात लिहिलेले असते की मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून, वडिलोपार्जित मिळकतीतला माझा हिस्सा सोडत आहे. निबंधक विचारतो, वाचून पाहिले का, मान्य आहे का. ती हो म्हणते, कॅमेऱ्याकडे बघते, अंगठ्याचा ठसा देते. कायद्याच्या दृष्टीने यात काही उणे नाही. दडपण होते का? कुणी धमकावले नव्हते. मात्र हिस्सा मागितला तर दिवाळीला माहेरी जाता येणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरजही नव्हती. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. २००५ चा कायदा लागू झाला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात पक्के केले. तरी बाकांवरची गर्दी हटलेली नाही. मला विचाराल तर मध्यस्थी नावाच्या विद्येची खरी कसोटी इथे लागते. जो मध्यस्थ ‘बहीण-भावांत प्रेम टिकू द्या’ म्हणून सही घ्यायला मदत करतो, तो जुन्या सलोखा करणाऱ्याचाच वारस. जो तिला वेगळे बसवून, तुझा हिस्सा एवढ्या गुंठ्यांचा आहे, त्याचा आजचा भाव इतका आहे, सोडायचा तर सोड पण हे माहीत असू दे, असे सांगायची व्यवस्था करतो, त्याच्यापुढची तडजोड वेगळी होते. ती कदाचित अर्धाच हिस्सा घेईल, कदाचित पैशांत घेईल, किंवा काहीच घेणार नाही. पण मग तो तिचा निर्णय असेल. हिंसेच्या प्रकरणात मात्र एवढेही पुरे नाही. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर टेबलाशी बसवून समेट मागणे हे माझ्या मते मुळातच चूक.

दडपण नेहमी माणसाच्या रूपात येते असे नाही, बारीक छापातूनही येते. ट्रकसाठी किंवा दुचाकीसाठी कर्ज घेताना पंचवीस-तीस पानांवर जिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते तिथे सही करायची, ही आपली रीत. त्यात कुठेतरी एक कलम असते की वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद, आणि बैठक कंपनीच्या शहरी. हप्ते थकल्यावर सोलापूरच्या ट्रकवाल्याला दुसऱ्या राज्यातल्या शहरातून नोटीस येते, तेव्हा त्याला कळते की तो कधीतरी ‘राजी’ झाला होता. एल्फिन्स्टनच्या काळच्या राजीनाम्यात पंचांची नावे दोघांना माहीत असत. इथे एका पक्षाला पंच दिसलेलाही नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले की निकालात ज्याचे हितसंबंध आहेत त्याला एकट्याला लवाद नेमता येणार नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरकारी संस्थांच्या करारांतली अशी एकतर्फी नेमणुकीची कलमे समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. लवाद शुद्ध ठेवण्याचे हे काम केले कुणी, तर कोर्टाने. पर्यायांच्या भक्तांनी याची नोंद घ्यावी.

आणखी एक आक्षेप वकिलांच्या बाररूममध्ये ऐकू येतो, आणि त्यात धंद्याची काळजी मिसळलेली असली तरी तो तेवढ्याने खोटा ठरत नाही. सगळेच मिटू लागले तर कायदा वाढणार कसा? विनिता शर्मांच्या घरच्यांनी आपसांत मिटवले असते, तर देशभरच्या मुलींना तो निकाल मिळाला नसता. हे अगदी खरे आहे. ज्या वादाचे उत्तर वाद घालणाऱ्यांच्या पलीकडच्या हजारोंना लागणार आहे, तो बंद खोलीत मिटवू नये. भोपाळचा दाखला तर अजून सलतो. वायुदुर्घटनेतल्या पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार १९८५ च्या कायद्याने सरकारने आपल्याकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती पीडितांना न विचारता. त्या तडजोडीत फौजदारी खटलेही गुंडाळले होते, ते न्यायालयाला १९९१ मध्ये पुन्हा उभे करावे लागले. तडजोड झाली, पण जे राजी व्हायला हवे होते ते खोलीत नव्हते. म्हणून आक्षेपाला माझे उत्तर असे, की मिटवण्याजोगे काय आणि निकालाजोगे काय हे निवडावे लागेल, आणि ती निवड कोर्टालाच नीट करता येईल. बांधाच्या भांडणातून कायदा वाढत नाही. त्यातून फक्त तारखा वाढतात.

राहिला सक्तीचा प्रश्न. ऐच्छिक ठेवले तर कुणी येत नाही, असे मध्यस्थी केंद्रांत काम करणारे सांगतात, आणि ते खोटे नाही. पहिला समेटाचा शब्द काढणारा दुबळा समजला जातो. दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात. २०२१ च्या मध्यस्थी विधेयकात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची होती. संसदेच्या स्थायी समितीच्या छाननीनंतर २०२३ चा कायदा झाला, त्यात ती ऐच्छिक झाली. व्यापारी दाव्यांत मात्र २०१८ पासून दाखल करण्याआधीची मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीचा दिलासा मागायचा असेल ते प्रकरण सोडून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाळलीच पाहिजे असे ठरवले. दोन कंपन्यांत ही सक्ती मला खुपत नाही. दोघांकडे वकील आहेत, हिशेबनीस आहेत. बाकीच्यांसाठी एका बैठकीला हजर राहण्याची सक्ती मी समजू शकतो, कारण समेटाचा शब्द आधी कुणी काढायचा हा पेच तिने सुटतो. पण ती सक्ती खुर्चीपर्यंतच. सहीच्या जागेपर्यंत ती पोचली, न्यायाधीश ‘मिटवून टाका, नाहीतर पुढची तारीख लांबची पडेल’ असे सुचवू लागला, तर ती दोनशे वर्षे मागे नेणारी गोष्ट ठरेल. आणि तारीख लांब पडते म्हणून झालेला समेट आज किती आहे, याचा विचार कोर्टांत न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा ठेवणाऱ्या सरकारांनी करायचा आहे.

या पुस्तकात पुढे लवादाची कलमे कशी वाचावीत, मध्यस्थाला काय विचारावे, लोकअदालतीत सही करण्याआधी काय पाहावे, असा कामाचा मजकूर आहे. ज्याच्या घरात एखादा दावा चालू आहे त्याने सरळ तिकडे वळावे. एवढेच सांगतो की तडजोड पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, समोर आली आणि वाचून नीट कळली नाही, तर त्या दिवशी सही करू नका. पुढची तारीख मागता येते. सल्ल्याला पैसे नाहीत ही सबब नको. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कैदेत असलेले, यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक. प्रत्यक्ष जायचे असेल तर तालुका विधी सेवा समिती असते, आणि तिचे कार्यालय तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच, त्याच पायऱ्या चढून गेल्यावर लागते.